मिशी, मास्क आणि मेमरी कार्ड: एका ड्रायव्हर काकांची स्लीप ॲप्नियाची केस

पुण्यात एका स्लीप लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे, ९ वर्षं झाली, सगळी रात्रपाळी. लोकांच्या डोक्याला वायरी चिकटवायच्या आणि शेजारच्या खोलीत स्क्रीनसमोर बसून ते कसे झोपतात ते सकाळपर्यंत बघत बसायचं, हे माझं काम. ही केस लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत घसा बंद पडून श्वास पुन्हा पुन्हा थांबणं, या विषयावर जे काही वाचायला मिळतं त्यात घोरणं म्हणजे काय, लक्षणं काय, टेस्ट करा, मशीन लावा, की संपलं. अहो टेस्ट आणि मशीन हा तर पहिला आठवडा झाला. खरी केस त्याच्यानंतर चालू होते, आणि त्यातलं निम्मं मशीनबद्दल नसतंच, मिशीबद्दल, नाकाबद्दल, नोकरीबद्दल असतं. काकांनी लिही म्हणून सांगितलंय, ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी तेवढ्या बदलल्यात.

काका ५४ वर्षांचे, नारायणगावच्या बाजूचे. चाकणला कंपनीचे कामगार ने-आण करणाऱ्या बसवर ड्रायव्हर, २६ वर्षं स्टिअरिंगवर. उंची १६५ सेंमी, वजन ९४ किलो, शर्टाचं वरचं बटण लागत नाही असा गळा, मोजला तर ४३ सेंमी (४० च्या पुढं गळा असला की आमचे कान टवकारतात). मिशी मात्र बघण्यासारखी, भरदार, दोन्ही टोकं वर. ती मिशी लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ते आमच्याकडे आले ते घोरण्यासाठी नाहीच, बीपीसाठी आले. तीन गोळ्या चालू आणि तरी वरचा आकडा १६० च्या खाली यायला तयार नाही, म्हणून गावाकडच्या डॉक्टरांना शंका आली. तीन गोळ्यांना दाद न देणारं बीपी दिसलं की झोपेत श्वास अडकतोय का बघावं, हे डॉक्टर लोकांना माहीत असतं पण ओपीडीच्या गर्दीत विचारायचं राहून जातं. या डॉक्टरांनी विचारलं. त्याआधीची दोन वर्षं मात्र भलतीकडेच गेली होती. रात्री चार-चार वेळा लघवीला उठायला लागायचं म्हणून आधी शुगर तपासली, ती बॉर्डरवर, मग प्रोस्टेट असेल म्हणून सोनोग्राफी, ती नॉर्मल, मग कुणीतरी झोप मोडते म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. ती गोळी म्हणजे आगीत तेल, कारण तिनं घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि मेंदू जागा व्हायला आणखी वेळ लावतो. काका सांगत होते की गोळी घेतली त्या सकाळी डोकं जास्तच जड, जणू कुणी रात्रभर पोतं ठेवलंय.

लघवीचं कोडं बऱ्याच जणांना पटत नाही म्हणून इथंच सांगून टाकतो. घसा बंद झाला तरी छाती श्वास ओढायचा प्रयत्न सोडत नाही, त्या ओढण्यानं छातीत उलटा दाब तयार होतो, हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो, आणि हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालंय. ते किडनीला हार्मोन पाठवून सांगतं, पाणी बाहेर काढ. म्हणजे दोष ना प्रोस्टेटचा ना शुगरचा, निरोपच चुकीचा गेलेला असतो.

काकू बरोबर होत्या म्हणून केस उलगडली. काका म्हणे, घोरतो थोडा, कोण घोरत नाही. काकूंनी काही न बोलता मोबाइल पुढं केला. व्हिडिओत नुसता अंधार आणि आवाज. घोरणं चालू, चालू, चालू, आणि एकदम शांत. पंख्याची घरघर, लांब कुठंतरी कुत्रं भुंकतंय आणि त्यात काकूंचाच आवाज, हळू, आकडे मोजतायत. एकोणीस, वीस, एकवीस... एकतीसला काकांनी असा काही हिसडा देऊन श्वास ओढला की मी पण दचकलो. काकू म्हणाल्या, "तीसच्या पुढं गेलं की हलवते यांना." किती दिवस चाललंय हे? "झाली की चार-पाच वर्षं." चार-पाच वर्षं ही बाई रात्री नवऱ्याच्या शेजारी आकडे मोजत पडलीय आणि घरातले सगळे म्हणतात काकू दिवसा चिडचिड फार करतात.

मग तो आठ प्रश्नांचा फॉर्म असतो, एपवर्थ स्केल, मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये काढलेला. वाचताना डुलकी लागते का, टीव्हीसमोर, जेवण झाल्यावर बसल्याबसल्या, सिग्नलला गाडी थांबल्यावर, असं सगळं, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २४. दहाच्या वर गेलं की दिवसाची झोप जास्त आहे असं धरतात. काकांनी स्वतःला ६ दिले. मी तोच फॉर्म काकूंना दिला, काकांबद्दल भरा म्हटलं, १७ आले. सत्यनारायणाच्या पूजेला पाटावर बसल्याबसल्या, अध्याय चालू असताना, घोरले होते म्हणे, भटजींनी पळी वाजवून उठवलं. माझं स्पष्ट मत आहे की ड्रायव्हर माणसानं स्वतः भरलेला हा फॉर्म जसाच्या तसा धरू नये. तो खोटारडा असतो म्हणून नाही, त्याला माहीत असतं की आकडा मोठा आला की पोटावर पाय येतो.

टेस्ट लॅबमध्येच करायची ठरली. घरी न्यायची छोटी टेस्ट पण असते, बोटाला, नाकाला आणि छातीला सेन्सर, बऱ्याच जणांना ती पुरते आणि स्वस्त पडते, पण काकांना रात्री पाय हलवायची पण सवय होती आणि डॉक्टरांना मेंदूच्या लहरींसकट सगळं बघायचं होतं. रात्री नऊला आले, घरून डबा आणलेला, पिठलं-भाकरी, मला पण दिली. मग डोक्यावर पेस्ट लावून इलेक्ट्रोड, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर, पायावर, छातीला एक पट्टा पोटाला एक पट्टा, नाकात नळी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. आरशात बघून म्हणाले, वायरिंग तर आमच्या गाडीपेक्षा जास्त आहे.

दिवा घालवला सव्वादहाला आणि चार मिनिटांत झोपले. नॉर्मल माणसाला दहा-पंधरा मिनिटं लागतात, चार मिनिटांत झोपणारा माणूस भाग्यवान नसतो, उपाशी असतो झोपेला. पुढचे दोन-अडीच तास स्क्रीनवर जे चित्र होतं ते डोळ्यासमोर आणा. नाकातल्या हवेची रेघ सपाट, पण छातीचा आणि पोटाचा पट्टा हलतोय, आणि दोघं उलटसुलट, छाती आत जाते तेव्हा पोट बाहेर, म्हणजे इंजिन चालू आहे पण एअर फिल्टरच बंद. यावरूनच आम्ही ओळखतो की अडथळा घशात आहे. मेंदूच श्वासाचा हुकूम द्यायला विसरत असेल तर हे दोन्ही पट्टे पण सपाट होतात, तो वेगळा आजार. दहा सेकंद हवा बंद राहिली की एक घटना मोजतात. काकांची सगळ्यात लांब होती ६८ सेकंद. ऑक्सिजन ९५ वरून घसरत घसरत ७१ ला गेला, मग मेंदू क्षणभर जागा झाला, घसा उघडला, तो हिसडा, चार-पाच घोरणारे श्वास आणि परत सपाट. तासाला ५२ वेळा. ५ च्या आत नॉर्मल, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्याच्या वर तीव्र, असा हिशोब असतो. ५२ म्हणजे साधारण सव्वा मिनिटाला एक, आणि पाठीवर झोपले की त्याहून जास्त.

एवढं तीव्र दिसलं की अर्धी रात्र तपासणी आणि अर्धी रात्र मशीन (मास्कमधून दाबानं हवा सोडून घसा उघडा ठेवणारं) असं करता येतं, म्हणून पाऊणला आत जाऊन उठवलं आणि मास्क लावला. ४ च्या प्रेशरवर सुरू करायचं आणि एकेक करत वर जायचं, घटना थांबेपर्यंत. ७ ला घटना कमी झाल्या, घोरणं तसंच, ९ ला घोरणं मंद, ११ ला सगळं गप्प. आणि मग जे होतं ते मी शेकडो वेळा बघितलंय तरी दर वेळी बघत बसतो. डोळ्यांच्या रेघा जोरजोरात हलायला लागल्या, स्वप्नाची झोप, सलग पाऊण तास. वर्षानुवर्षं तुटलेली झोप शरीर अशी वसूल करून घेतं. सकाळी सहाला चहा दिला तर काका पहिलं वाक्य बोलले ते हे, "रात्री लघवीला उठलो का रे मी?" एकदाच, पाऊणला, मी उठवलं म्हणून.

सगळ्या पेशंटना पहाटे वाटतं की आता आपण बरे झालो. काकांनाही वाटलं. पण ती रात्र लॅबची असते, मास्क मी धरून बसवलेला असतो, सरकला की मी आत जाऊन नीट करतो. घरी कोण करणार?

रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे बसलो तेव्हा मुलगा पण आला होता, भोसरीला असतो. त्याचा प्रश्न ठरलेला, ऑपरेशन करून टाकता येत नाही का एकदाच. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बघितलं, टॉन्सिल्स छोटे, नाकाचं हाड थोडं वाकडं, पण मुख्य अडचण जिभेच्या मागं आणि टाळूला, तोंड उघडलं तर जीभ सोडून काही दिसतच नाही. अशा घशात टाळूचं ऑपरेशन करून ५२ चा आकडा ५ च्या आत येईल याची खात्री कुणी देत नाही, दुखतं मात्र भरपूर. खालचा जबडा पुढं ओढून धरणारी दातांची पट्टी असते, सौम्य आणि मध्यम केसला चांगली, पण काकांच्या तीन दाढा मिश्रीनं गेलेल्या, ज्या राहिल्यात त्या हलतायत, पट्टी अडकवायची कुठं? वजन कमी करा हे तर सगळ्यांनीच सांगितलं. ते खरंच आहे, दहा टक्के वजन उतरलं तर आकडा साधारण पाव हिश्शानं खाली येतो, पण ५२ चा पाव हिस्सा काढला तरी उरतात ३९. म्हणजे वजन उतरवायचंच, पण ते उतरेपर्यंत वाट बघत बसायचं नाही.

काकांना मशीन समजावलं ते मी, आणि मला अभिमान आहे त्या समजावण्याचा. विहिरीवरच्या मोटरीचा सक्शन पाइप जुना, मऊ झाला की ओढताना चपटा होतो आणि पाणी येत नाही, बरोबर? तुमचा घसा तसा झालाय. जागेपणी स्नायू त्याला ताणून धरतात, झोपेत सोडतात. तर मशीन ऑक्सिजन वगैरे काही देत नाही, खोलीतलीच हवा दाबानं आत सोडतं म्हणजे पाइप फुगलेला राहतो. काका म्हणाले, "म्हणजे ट्यूबमध्ये हवा मारायची." हो, तेवढंच. आणि त्यांना हे पण सांगितलं की १९८० मध्ये सिडनीला कॉलिन सुलिवन नावाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा हे केलं ते व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर, आणि १९८१ मध्ये पाच पेशंटवरचा अनुभव छापला. मोटरचं नाव काढल्यावर त्यांचा चेहरा जरा खुलला.

मशीन आधी एक महिना भाड्यानं घेतलं, हे मी सगळ्यांनाच सांगतो, ५०-५५ हजार घालून कपाटावर ठेवलेली मशीन मी खूप बघितलीत. मेडिक्लेममध्ये त्यांच्या पॉलिसीत बसलं नाही. आणि इथून पुढं ती मिशी.

पहिल्या आठवड्यानंतर कार्ड घेऊन मुलगा आला. मशीनमध्ये छोटं मेमरी कार्ड असतं, किती वाजता लावलं, किती वेळ, किती हवा गळली, किती घटना उरल्या, सगळं लिहिलेलं. रोजचा वापर सरासरी १ तास ४० मिनिटं. रोज रात्री साडेअकरा-बाराला मशीन बंद. काकांना विचारलं तर म्हणे रात्रभर लावतो, सकाळी मास्क कसा काय उशाखाली सापडतो माहीत नाही. ते खोटं बोलत नव्हते, झोपेतच ओढून काढत होते. आणि गळती इतकी की मशीन बिचारं प्रेशर वाढवत बसलेलं. नाकावरचा मास्क दिला होता, त्याची खालची कड वरच्या ओठावर टेकते, नेमकी मिशीवर. सिलिकॉन आणि कातडीच्या मधे भरगच्च केस, तिथून हवा वर डोळ्यात. सकाळी डोळे लाल. मग तोंडासकट झाकणारा मोठा मास्क दिला, तर त्याच्या कडेलाही मिशीची टोकं, शिवाय त्यात जीव घुसमटतो. एका रात्री स्वप्न पडलं की विहिरीत पडलोय आणि वर कुणीतरी झाकण टाकतंय, तेव्हापासून त्या मास्ककडे बघायला तयार नाहीत.

मुलगा म्हणाला मिशी काढा. घरात दोन दिवस अबोला. मला विचाराल तर मिशीवरून पेशंट गमवायचा नाही, मास्कचे प्रकार पडलेत. नाकपुडीत टेकणाऱ्या दोन छोट्या मऊ बोंड्या असतात, बाकी चेहऱ्यावर काही नाही, मिशीच्या वरच्या वर काम. त्या दिल्या. गळती थांबली, पण आता तोंड उघडं पडायला लागलं आणि हवा नाकातून आत, तोंडातून बाहेर, सकाळी जीभ चामड्यासारखी. तोंड का उघडतंय, तर नाक चोंदतंय म्हणून. परत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे, त्यांनी नाकाचा स्प्रे आणि मिठाच्या पाण्यानं नाक धुणं दिलं, दोन आठवड्यांत नाक मोकळं झालं, तोंड आपोआप मिटलं. नाकाचं न बघता मास्कवर मास्क बदलणारे लोक मी बघतो तेव्हा वाईट वाटतं, पैसे जातात नुसते.

तोपर्यंत जानेवारी आला होता आणि जुन्नरच्या बाजूची थंडी तुम्हाला माहीतच असेल. मशीनच्या डबीत पाणी असतं, ते गरम होऊन हवा ओलसर होते, पण बाहेर थंडी असली की नळीतच थेंब जमतात, आणि रात्री दोनला नाकात गुडगुड करून पाणी. काका ओरडत उठले, हुक्का झालाय म्हणाले. नळी गोधडीच्या आतून घ्या आणि मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, म्हणजे पाणी परत डबीत उतरतं, एवढंच करायचं होतं. काकूंनी जुन्या लुगड्याची पिशवी शिवून नळीला चढवली, ती अजून आहे. डबीत हे लोक बोअरचं पाणी घालत होते, तळाला पांढरा थर, ते पण बंद केलं, डिस्टिल्ड नाहीच मिळालं तर निदान फिल्टरचं पाणी उकळून गार केलेलं आणि रोज बदललेलं.

घुसमटीसाठी एकच औषध चाललं, दिवसा सराव. संध्याकाळी टीव्ही बघताना नुसता मास्क, मशीन न लावता, मग मशीन लावून, वीस मिनिटं, अर्धा तास. नातू चार वर्षांचा, त्यानं आजोबांना सोंडेसकट बघितलं आणि गणपती बाप्पा मोरया करून नमस्कार केला. तेव्हापासून तो रोज रात्री आठवण करतो, आबा सोंड लावा. डॉक्टरांच्या चार तासांच्या नियमापेक्षा (रोज किमान चार तास आणि दहातल्या सात रात्री, याला आमच्याकडे वापर म्हणतात) या पोराचा धाक जास्त होता.

फेब्रुवारीत कार्डानं अजून एक गोष्ट पकडली. आठवडाभर घटना तासाला ३-४ आणि शनिवारी बरोबर ११-१२, प्रेशर पण वरच्या टोकाला. तीन शनिवार तेच. मी काही बोललो नाही, नुसता आलेख काकांसमोर धरला. काकांनी काकूंकडे बघितलं, काकूंनी छताकडे. "क्वार्टरच असते," काका म्हणाले. दारूनं घसा अजून सैल पडतो, मशीनलाही जड जातं. आता ती कमी झालीय असं ते सांगतात आणि शनिवारचा आकडा पण तसंच सांगतो.

नोकरीचं मी मुद्दाम मागं ठेवलं, कारण ते त्यांनीही मागंच ठेवलं होतं. तिसऱ्या भेटीत, डॉक्टर बाहेर गेल्यावर, मला म्हणाले की दिवाळीच्या आधी मंचरच्या अलीकडं पहाटे सव्वापाचला बस रिकामी घेऊन चाललो होतो आणि डाव्या चाकाखाली खडी वाजली त्या आवाजानं जाग आली. जाग आली. म्हणजे त्याआधी किती वेळ झोपलो होतो ते मला माहीत नाही. अर्ध्या तासानं त्याच बसमध्ये चाळीस माणसं बसली. हे त्यांनी घरी सांगितलेलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की हे डॉक्टरांना तुम्ही सांगणार की मी? त्यांनीच सांगितलं. डॉक्टरांनी स्पष्ट लिहून दिलं, कार्डावर सलग दोन आठवडे नीट वापर दिसत नाही आणि दिवसाची झोप जात नाही तोपर्यंत गाडी नाही, स्वतःची मोटरसायकल पण नाही. काकांनी ठेकेदाराला सांगितलं कंबर धरलीय आणि सुट्टी टाकली. कंबर सांगितली हे मला आवडलं नाही, पण खरं कारण सांगितलं असतं तर जागेवर दुसरा ड्रायव्हर आला असता, हे पण मला दिसत होतं. उपचार घेणारा ड्रायव्हर उपचार न घेणाऱ्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो, आणि तरी काढलं जातं ते कबूल करणाऱ्यालाच. सुट्टी तीन आठवड्यांची टाकली होती, मिशीच्या भानगडीत ती सात आठवड्यांची झाली, त्यातली शेवटची चार बिनपगारी. मशीनच्या किमतीत हे पण धरा.

मार्च २०२५ चा हिशोब असा. रोजचा वापर ५ तास ५० मिनिटं, पहाटे साडेतीनला उठणाऱ्या माणसाला याच्यापेक्षा जास्त कुठून आणणार. उरलेल्या घटना तासाला ३. फॉर्म परत भरला, दोघांनी वेगवेगळा, काकांचे ४ आणि काकूंचे ५, एवढं एकमत त्या घरात कशावर झालेलं नाही असं मुलगा म्हणाला. रात्री लघवी एकदा. सकाळचं डोकं जड नाही. बीपी १३८ च्या आसपास आणि तीनातली एक गोळी डॉक्टरांनी बंद केली. इथं एक सांगायला हवं की सगळ्यांचं बीपी असं उतरत नाही, सरासरी बघितली तर मशीननं बीपी दोन-तीन अंकांनीच उतरतं, काकांसारखं हट्टी बीपी असेल आणि वापर चांगला असेल तर जरा जास्त. हृदयविकाराचं पण तसंच, २०१६ मध्ये सेव्ह नावाचा मोठा अभ्यास आला, २,७०० च्या वर पेशंट, त्यात मशीन घेणाऱ्यांना झटके कमी आले असं दिसलं नाही, पण त्या लोकांचा रोजचा वापर होता सरासरी ३.३ तास. आमच्या लॅबमध्ये या अभ्यासावर दोन तट आहेत, मी वापर-कमी-होता वाल्यांच्या बाजूचा. वजन मात्र मशीननं उतरत नाही, तो गैरसमज काढून टाका, काकांचं ५ किलो उतरलं ते रात्रीचा भात आणि शनिवार कमी केल्यानं.

जूनमध्ये काका वारीला निघाले, आळंदीहून, २१ वं वर्ष. मशीनचं काय करणार विचारलं तर ते म्हणाले, वारीत घोरणारा मी एकटा आहे का. मी म्हटलं श्वास थांबणारे पण तुम्ही एकटे नाही, पण तुम्हाला माहिती आहे, त्यांना नाही. शेवटी ड्रायव्हर डोकं कामाला आलं, दिंडीच्या सामानाच्या ट्रकच्या बॅटरीवरून कन्व्हर्टर लावून तंबूपर्यंत वायर ओढली, पाण्याची डबी काढून ठेवली कारण हीटर बॅटरी खातो. १९ जूनला प्रस्थान, ६ जुलैला आषाढी, मधल्या १७ रात्रींपैकी १३ रात्री कार्डावर आहेत. दिवे घाट चढून सासवडला गेले त्या रात्री पावसानं तंबू भिजला, शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून झोपले, मशीन ट्रकमध्ये. दुसऱ्या दिवशी दिंडीतल्या माणसांनीच सांगितलं म्हणे, माऊली, ते तुमचं यंत्र लावत जा. वाखरीपर्यंत तीन जणांनी माझा नंबर घेतला होता, त्यातले दोघे येऊन टेस्ट करून गेले, एकाचा आकडा ४४. एरवी बप्पी लाहिरी गेले तेव्हा, फेब्रुवारी २०२२ मध्ये, बातम्यांत या आजाराचं नाव आलं आणि आमचा फोन आठ दिवस वाजत होता, त्याच्यानंतर एका माणसामुळं एवढे फोन मला आले नाहीत.

ऑगस्टमध्ये काकूंनी फोन केला, शंखाची बातमी वाचून. जयपूरच्या डॉक्टरांनी ३० पेशंटवर करून बघितलेलं, मध्यम आजाराचे, सहा महिने शंख फुंकला तर दिवसाची झोप आणि रात्रीचा आकडा दोन्ही थोडे कमी झाले, घशाचे स्नायू घट्ट होतात म्हणून. देवघरात शंख आहेच, तर मशीन बंद करून शंख चालेल का? मी म्हटलं शंख जरूर फुंका, काका फुंकतील आणि तुम्हीही फुंका, पण त्या लोकांचा आकडा तासाला चार-पाचनं कमी झाला आणि काकांना ४७ नं कमी करायचाय. मुलाचा प्रश्न वेगळा, ते वजनाचं इंजेक्शन. त्या इंजेक्शनला, टिर्झेपटाइडला, अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासोबतच्या मध्यम आणि तीव्र स्लीप ॲप्नियासाठी परवानगी मिळालीय हे खरं आहे, त्यानं आकडा बराच उतरतो हे पण खरं, पण महिन्याचा खर्च ऐकल्यावर काकाच म्हणाले, त्याच्यापेक्षा सोंड बरी. डॉक्टरांचंही म्हणणं की आधी भात, चालणं आणि शुगर बघू, मग विषय काढू.

परवा वर्षाच्या तपासणीला आले. कार्ड उत्तम, फक्त मागच्या आठवड्यात अचानक गळती दुप्पट. मी म्हटलं मास्क दाखवा. डाव्या बोंडीला चीर गेलेली आणि तिच्यावर पिवळट काहीतरी थापलेलं. वास घेतला तर पंक्चरचं सोल्युशन. काका म्हणाले, घासून, फुंकर मारून, पाच मिनिटं वाळवून मग चिकटवलंय, पक्कं बसलंय. अहो हे रात्रभर नाकात हुंगताय तुम्ही, मी चिडलोच, बोंडी अधूनमधून बदलायची असते, एवढ्यासाठी जीव धोक्यात घालू नका. नवीन काढून दिली, बसवून दाखवली, मिशी आडवी सारून नीट बघितलं. जुनी कचऱ्यात टाकायला हात पुढं केला तर काकांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, पिशवीत टाकली आणि म्हणाले, "राहू दे रे, स्टेपनीला."